पंपाने न बदलणारा दमा

ज्यांच्या घरात कुणाला दमा म्हणून वर्षानुवर्षं पंप चालू आहे आणि तो नीट घेऊनसुद्धा काडीचा फरक पडत नाही, त्यांच्यासाठी मुख्य म्हणजे हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका हॉस्पिटलात पीएफटी करते, म्हणजे ती फुंकायची टेस्ट, नाकाला चिमटा लावतात आणि नळीत जोरात फुंकायला लावतात ना, ती. "घ्या घ्या घ्या पूर्ण घ्या, आता सोडा, जोरात, सोडा सोडा सोडा अजून सोडा" हे दिवसभर ओरडणं माझं काम. पण या मशिनसमोर बसून एक गोष्ट मला इतकी पक्की कळलीय की ती एकदा कुठेतरी सविस्तर लिहायचीच होती.

दम्याचा स्वभाव चंचल असतो. आज आहे उद्या नाही, रात्री जास्त सकाळी कमी, पावसाळ्यात वाढतो, गावाला गेलं की बरं वाटतं, पंप घेतला की पंधरा मिनिटांत छाती मोकळी. श्वासाच्या मोठ्या नळीत गाठ असेल तर यातलं काही होत नाही. ती तिथेच बसलेली असते आणि हळूहळू वाढत असते. म्हणून माझ्या मते पेशंटने (आणि खरं तर डॉक्टरनेही) विचारायचा पहिला प्रश्न हाच, की हा त्रास बदलतो का?

आता मुंबईत अडचण काय आहे, की इथे धाप लागायला कारणं आयती तयार असतात. शेजारी टॉवरचं काम चालू आहे, धूळ. खिडकीत कबुतरं. पावसाळ्यात भिंतीला ओल, बुरशी. थंडीत हवा खराब. वजन वाढलंय. बायकांना तर "टेन्शन घेऊ नका" हे ठरलेलंच. आणि यातली बरीचशी कारणं खरीसुद्धा असतात म्हणून तर कोणी पुढे शोधत नाही. दादरचा पूल चढून वर आल्यावर थांबायला लागलं तर माणूस काय म्हणणार, वय झालं म्हणणार. मोठ्या श्वासनळीचा कॅन्सर तसा फार दुर्मिळ, दर दहा लाख माणसांमागे वर्षाला साधारण एखादा, त्यामुळे तो डोक्यात न येणं मला समजतं. पण याच्यासोबत फुप्फुसातल्या मोठ्या नळ्यांमधल्या गाठी धरल्या, कार्सिनॉइड वगैरे, तर मुंबईएवढ्या शहरात छातीच्या डॉक्टरांकडे असे पेशंट येत राहतात. आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या पिशवीत पंपांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो.

थोडं नळीबद्दल सांगते. मानेतून छातीत उतरणारी मोठी श्वासनळी दहा-बारा सेंटीमीटर लांब असते आणि मोठ्या माणसात आतून साधारण दीड ते दोन सेंटीमीटर रुंद. म्हणजे जागा भरपूर आहे. शरीराला एवढी जागा शांत बसल्यावर लागतच नाही, त्यामुळे गाठ वाढत असते आणि माणसाला पत्ता नसतो. साधारण ८ मिलिमीटरपर्यंत नळी आवळली गेली की जिना चढताना धाप लागायला लागते आणि ५ मिलिमीटरच्या आसपास आली की बसल्या जागी. हिशोब करून बघा, १८ मिलिमीटरची नळी ८ वर आली म्हणजे आतली जागा जेमतेम पाचवा भाग उरली. चार भाग गेल्यावर माणूस पहिल्यांदा डॉक्टरकडे जातो की मला पूल चढताना दम लागतो! आणि तिथून पुढे सगळं भराभर बिघडतं कारण नळी जरा जरी अरुंद झाली तरी हवेला होणारा अडथळा कितीतरी पटीने वाढतो. अशात साधी सर्दी झाली, आत थोडी सूज आली, चिकट बेडका अडकला, की डायरेक्ट कॅज्युअल्टी.

आता माझ्या मशिनवर हे कसं दिसतं ते. फुंकल्यावर स्क्रीनवर एक आकृती येते, आडव्या रेघेवर किती हवा बाहेर पडली ते आणि उभ्या रेघेवर किती वेगाने पडली ते. चांगल्या फुप्फुसाची रेघ झपकन वर जाते, टोक येतं आणि मग तिरकी सरळ खाली उतरते. त्यानंतर माणूस पुन्हा जोरात श्वास आत घेतो त्याचा गोलाकार भाग खाली काढला जातो. दम्यात टोक कमी उंच आणि उतरणारी रेघ आत खचलेली. आणि मोठ्या नळीत कायमचा अडथळा असेल तर? टोकच येत नाही. रेघ थोडी वर जाते आणि सपाट, सरळ आडवी चालत राहते, आणि खालचा श्वास घेण्याचा भागही तसाच सपाट. अख्खी आकृती डब्यासारखी चौकोनी. एकदा बघितली की विसरता येत नाही. नळीचा अडथळा जरा लवचिक असेल आणि मानेच्या भागात असेल तर फक्त श्वास घेतानाचा भाग सपाट होतो, छातीच्या आतल्या भागात असेल तर फक्त सोडतानाचा.

इथे दोन गोष्टी मला कळकळीने सांगायच्यात. पहिली, बऱ्याच ठिकाणी पेशंटला फक्त फुंकायला लावतात आणि टेस्ट संपवतात, जोरात परत श्वास घ्यायचा भाग करतच नाहीत, कारण वेळ जातो, पेशंट दमतो, बाहेर लाइन असते. मग आकृतीचा खालचा अर्धा भाग रिपोर्टवर नसतोच. मानेतल्या अडथळ्याची खूण नेमकी त्याच अर्ध्यात असते. दुसरी गोष्ट, आकडे. रिपोर्टवर सगळे एफईव्ही-वन बघतात, पहिल्या सेकंदात किती हवा सोडली ते, आणि मोठ्या नळीच्या अडथळ्यात हा आकडा बराच काळ बऱ्यापैकी राहतो, मार खातो तो सुरुवातीचा जास्तीत जास्त वेग. त्यामुळे मशिन आपलं छापून देतं "माइल्ड ऑब्स्ट्रक्शन", ती ओळ वाचून पंप लिहिला जातो आणि आकृतीकडे कोणी बघत नाही. आकृती बघा हो. ती बघायला अर्धं मिनिट लागतं.

एक प्रश्न येईल, की नीट न फुंकल्यामुळे पण रेघ सपाट येते ना? येते, रोज येते. पण जो नीट फुंकत नाही त्याच्या तीन वेळच्या तीन रेघा तीन तऱ्हेच्या येतात, एक इथे तर एक तिथे. गाठ असलेल्याच्या तिन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसतात. त्याने जीव तोडून फुंकलं तरी तेवढंच. मग पंपाचं औषध देऊन पंधरा मिनिटं बसवायचं आणि परत फुंकायला लावायचं. दम्यात एफईव्ही-वन किमान १२ टक्के आणि २०० मिली वाढला तर फरक पडला असं धरायची जुनी पद्धत आहे. इथे चौथी रेघ पण पहिल्या तिघींवरच जाऊन बसते.

अशीच एक ताई आठवते (ओळख पटू नये म्हणून तिचे तपशील जरा बदललेत). लालबाग-काळाचौकीकडची, चाळिशीची, घरी ब्लाऊज शिवायची, तंबाखू-मिश्री काही नाही. दमा म्हणून बरेच दिवस औषधं चालू होती, दोन प्रकारचे पंप, मधेमधे स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स. ती म्हणाली गोळ्या घेतल्या की चार-पाच दिवस बरं वाटतं हो ताई, मग परत तेच. हे "गोळ्यांनी बरं वाटतं" फार फसवं असतं, कारण स्टिरॉइडने गाठीभोवतीची सूज उतरते, एखाद-दोन मिलिमीटर जागा होते आणि तेवढ्याने माणसाला खरंच हलकं वाटतं आणि सगळ्यांची खात्री पटते की दमाच आहे. ती खुर्चीत बसून माझ्याशी बोलत होती तेव्हा श्वास आत घेताना तिच्या गळ्याशी आवाज येत होता. छातीतली सूं-सूं साधारण श्वास सोडताना जास्त येते. आत घेताना गळ्याशी आवाज येणं म्हणजे वरच्या नळीत काहीतरी आहे, त्याला स्ट्रायडर म्हणतात. आकृती चौकोनी, चारही वेळा तीच. व्हेंटिलेटरवर होतीस का कधी विचारलं, नाही. गळ्याला थायरॉइडची गाठ? नाही. हे विचारावं लागतं कारण अशी चौकोनी आकृती सगळ्यात जास्त येते ती व्हेंटिलेटरच्या नळीने नंतर श्वासनळी आवळली गेलेल्यांची, कोविडनंतर असे पेशंट आम्ही बघितलेत. मोठी थायरॉइडची गाठ पण बाहेरून नळी दाबते. हिचं यातलं काहीच नव्हतं. रिपोर्टची वाट न बघता मी आकृतीची प्रिंट घेऊन आमच्या डॉक्टर मॅडमकडे गेले, मॅडमनी त्याच दिवशी सीटी करायला पाठवलं.

श्वासनळीच्या मधोमध गाठ होती. श्वासनळीत दुर्बीण घालून (ब्रॉन्कोस्कोपी) तुकडा काढला, रिपोर्ट आला अॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. हा कॅन्सर मूळचा लाळेच्या ग्रंथींचा, जास्त करून तोंडात, जबड्याजवळ होतो, पण श्वासनळीच्या अस्तराखालीही तशाच छोट्या ग्रंथी असतात म्हणून तिथेही होतो. सिगारेटशी याचा संबंध दिसत नाही, बायका-पुरुष दोघांत सारखाच. श्वासनळीत सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्क्वॅमस (वरच्या अस्तरातूनच निघणारा) आणि हा, दोघंच मुख्य. स्क्वॅमस हा सिगारेट-बिडीवाल्यांचा, वयस्कर पुरुषांचा, आणि त्यात खोकल्यातून रक्त लवकर पडतं म्हणून तो तसा लवकर सापडतो. अॅडेनॉइड सिस्टिक मात्र अस्तराच्या खालून, नसांच्या कडेकडेने सरकत जातो, रक्त पडेलच असं नाही, वर्षानुवर्षं मुकाट वाढतो. त्यामुळेच तो दमा म्हणून इतका काळ खपून जातो.

तिचं ऑपरेशन परळलाच झालं. नळीचा गाठीचा भाग कापून काढतात आणि दोन टोकं परत जोडतात. मोठ्या माणसात नळीचा बराच भाग असा काढता येतो, अगदी निम्म्यापर्यंत, पण जोड ताणला जाऊ नये म्हणून हनुवटी खाली वाकवून छातीच्या कातडीला टाका घालून ठेवतात, साधारण आठवडाभर, म्हणजे झोपेतसुद्धा मान मागे जाऊ नये. तिला भेटायला वॉर्डात गेले तेव्हा ती तशी मान खाली घालून बसली होती आणि पाटीवर लिहून दाखवलं, आवाज गेला. गळ्याचा तो आवाज, स्ट्रायडरचा! मला तर भरून आलं. पुढे रेडिएशन झालं कारण या कॅन्सरमध्ये कापलेल्या कडेला सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशी राहिलेल्या बऱ्याचदा सापडतात. आणि ही गोष्ट तिच्या घरच्यांना नीट समजावून सांगितली ते मला फार बरं वाटलं, की हा कॅन्सर दहा-पंधरा वर्षांनीसुद्धा परत येऊ शकतो, तिथेच किंवा फुप्फुसात, त्यामुळे पाच वर्षं झाली, सुटलो असं म्हणून तपासण्या बंद करायच्या नाहीत.

दुसरी गाठ जी जास्त दिसते ती कार्सिनॉइड. फुप्फुसाच्या सगळ्या कॅन्सरमध्ये एक-दोन टक्के. ही तरुणांत होते, अगदी शाळा-कॉलेजच्या मुलांतसुद्धा, फुप्फुसात सुरू होणाऱ्या कॅन्सरच्या गाठींमध्ये लहान वयात हीच सगळ्यात जास्त. आणि ही मुख्य नळीत कमी, तिच्या फांद्यांत जास्त बसते. त्यामुळे लक्षणं वेगळी. एका बाजूचं फुप्फुस किंवा त्याचा एक भाग बंद पडतो, मागे बेडका साठतो, न्यूमोनिया होतो, अँटिबायोटिकने उतरतो, थोड्या महिन्यांनी परत न्यूमोनिया आणि परत त्याच जागी. पुन्हा तेच, न बदलणं. न्यूमोनिया दोनदा होऊ शकतो कोणालाही, पण दोन्ही वेळा उजव्या बाजूला खालीच का झाला हे विचारायलाच पाहिजे. आणि ते कळायला जुना एक्स-रे शेजारी लावून बघावा लागतो, जो बहुतेक वेळा घरी गादीखाली असतो नाहीतर क्लिनिकवाल्याकडेच राहिलेला असतो.

या गाठीला रक्तपुरवठा खूप, दुर्बिणीतून लालचुटूक दिसते, म्हणून खोकल्यातून रक्त पडतं. आणि मुंबईत तरुण मुलाच्या खोकल्यातून रक्त आलं की पहिलं नाव टीबीचं येतं. येणारच, जगातल्या टीबीच्या पेशंटपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, तो विचार आधी करायलाच हवा. प्रश्न तिथून पुढचा आहे. बेडक्यात जंतू सापडले नाहीत, जीन एक्स्पर्ट (मशिनवरची टीबीच्या जंतूची तपासणी) निगेटिव्ह, तरी "एक्स-रेवर डाग आहे ना" म्हणून एकेटी म्हणजे टीबीची औषधं सुरू, सहा महिने गोळ्या, लघवी लाल, पोरगं वैतागलेलं, आणि डाग जिथल्या तिथे. कॉलेजच्या एका मुलाची आई मला पीएफटी रूमच्या बाहेर सांगत होती, की आम्ही एक गोळी चुकवली नाही हो, मग का नाही गेलं? त्याच्या उजव्या नळीत कार्सिनॉइड निघालं. त्या माऊलीला कोणी सांगायला हवं होतं की गोळ्या न चुकवता खाऊन, जंतू कधीच न सापडता, डाग तसाच राहिला तर गोळ्या वाढवण्याआधी एकदा दुर्बिणीतून नळीच्या आत बघायचं. नीट समजून घ्या, मी टीबीची औषधं बंद करा म्हणत नाहीये. नळीतला टीबी हाही प्रकार आहे, आपल्याकडे तरुण बायकांत बराच दिसतो, त्यानेही नळी आवळते, एका बाजूलाच शिट्टी वाजते, दुर्बिणीतून तोही कधी कधी गाठीसारखा दिसतो. म्हणून तर नुसतं बघून चालत नाही, तुकडा काढून तपासावा लागतो, दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते.

त्या मुलाचं सगळं फुप्फुस काढायला लागलं नाही. नळीचा गाठीचा तुकडा काढून फुप्फुस वाचवून परत जोडलं, याला स्लीव्ह रिसेक्शन म्हणतात. ही युक्ती पहिल्यांदा १९४७ साली लंडनमध्ये क्लेमंट प्राइस थॉमस या सर्जनने केली आणि पेशंट होता हवाई दलातला एक तरुण कॅडेट, त्याच्याही नळीत ही अशीच गाठ होती. साध्या कार्सिनॉइडमध्ये नीट ऑपरेशन झालं की पाच वर्षांनंतर नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक जिवंत असतात. कॅन्सर शब्द ऐकून घर हादरतं तेव्हा हा आकडा त्यांना पहिल्याच दिवशी कळला पाहिजे असं मला वाटतं. अटिपिकल म्हणून याचा जरा तापट प्रकार असतो, त्यात एवढं चांगलं नसतं, पण तोही नेहमीच्या फुप्फुसाच्या कॅन्सरपेक्षा सौम्य.

तिसरी म्युकोएपिडर्मॉइड, हीपण लाळग्रंथींच्या जातीची, तरुणांत होते, हळू वाढणारी असेल तर पूर्ण काढल्यावर बहुतेक बरे होतात. फार दुर्मिळ, एवढंच सांगून पुढे जाते.

आता काही विचित्र प्रकार, जे मॅडमच्या मंगळवारच्या मीटिंगमध्ये ऐकले-वाचलेत आणि डोक्यातून जात नाहीत. कार्सिनॉइडची गाठ कधी कधी हार्मोन सोडते. एसीटीएच नावाचं हार्मोन सोडलं तर चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय बारीक, बीपी आणि शुगर एकदम वर, पोटावर जांभळट रेघा, आणि माणूस फिरतो शुगरच्या डॉक्टरकडे, खोकला नाही की धाप नाही आणि मूळ मात्र फुप्फुसाच्या नळीत एवढ्याशा गाठीत. हे शंभरात एक-दोघांचं. देठावर लोंबणारी गाठ असेल तर एका कुशीवर झोपलं की धाप आणि दुसऱ्या कुशीवर आराम, म्हणजे इथे त्रास बदलतो, पण धूळ-थंडी-रात्र अशा कशाने नाही, फक्त कुशीने. हे पेशंटने सांगितलं तर कृपा करून हसण्यावारी नेऊ नका. गरोदर बाईची धाप "पोट वर आलंय म्हणून" यात जाते. लहान मुलाच्या एकाच बाजूला शिट्टी वाजली तर आधी शेंगदाणा, चणा, पेनचं टोपण अडकलंय का बघतात, बरोबरच आहे, पण तसं काही न सापडता शिट्टी राहिली तर गाठ शोधायला हवी. कधी गाठ झडपेसारखी काम करते, हवा आत जाते बाहेर येत नाही, मग ते फुप्फुस फुगलेलं दिसतं आणि ते श्वास सोडून काढलेल्या एक्स-रेवरच नीट कळतं, नेहमीचा एक्स-रे श्वास भरून काढतात. आवाज बसणं, गिळताना अडकणं, हेही असतं. आणि एक म्हणजे खोकल्यातून मांसाचा तुकडाच पडणं, फार क्वचित, पण झालं तर तो फेकायचा नाही, स्वच्छ डबीत घालून डॉक्टरकडे न्यायचा.

शेव्हालिए जॅक्सन म्हणून एक अमेरिकन डॉक्टर होऊन गेला, लोकांच्या नळ्यांतून नाणी, पिना, बिया असल्या दोन हजारांवर वस्तू काढल्या त्याने. शिट्टी वाजते म्हणून दरवेळी दमाच असेल असं नाही, हे त्याचं म्हणणं छातीच्या डॉक्टरांना शिकताना सांगतात. पाठ सगळ्यांना असतं. ओपीडीत ऐंशी पेशंट बाहेर बसलेले असताना ते आठवायला जागा राहत नाही, हेही मी रोज बघते.

तपासण्यांबद्दल लोकांचा जो गैरसमज असतो त्यावर बोलते कारण याने फार वेळ जातो. "एक्स-रे क्लिअर आहे." श्वासनळी एक्स-रेवर मणक्यावर, हृदयाच्या सावलीवर येते, आतली गाठ सहज लपते, एक्स-रे नॉर्मल असून श्वासनळी पाऊण बंद असू शकते. "थुंकी तपासली, कॅन्सर नाही." या गाठींवर अस्तर शाबूत असतं, पेशी सुटून बेडक्यात येतच नाहीत. "पेट स्कॅनमध्ये चमकलं नाही." नेहमीच्या पेटमध्ये साखरेसारखं औषध देतात आणि ते ओढून घेणारी गाठ चमकते. साध्या कार्सिनॉइडला साखरेची भूक कमी, त्यामुळे अशा पेटवर मंद दिसतं किंवा दिसतच नाही, त्यासाठी गॅलियमचा डोटा स्कॅन वेगळा असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुकड्याचा रिपोर्ट. छोटा तुकडा चिमट्यात चेंगरला गेला तर कार्सिनॉइड आणि स्मॉल सेल हा अतिशय आक्रमक कॅन्सर यात गोंधळ होऊ शकतो, एकाला ऑपरेशन आणि दुसऱ्याला किमो, आयुष्याचा फरक आहे. केआय-६७ नावाची तपासणी, पेशी किती वेगाने वाढतायत ते दाखवणारी, तिथे मदत करते. वय पंचवीस, कधी सिगारेट नाही आणि रिपोर्टवर स्मॉल सेल, असं असेल तर स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवून ठेवलेला तुकडा) मागून घ्या आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, टाटा कॅन्सर हॉस्पिटलला तर बाहेरच्या स्लाइड नेहमीच परत बघतात. स्लाइड-ब्लॉक मागताना लाजायचं नाही, तो तुमचा आहे. आणि दुर्बिणीतून निघालेली प्रत्येक गाठ कॅन्सर नसते, हॅमार्टोमा, चरबीची गाठ अशा साध्याही निघतात.

तर काय करायचं. पंप बंद करू नका, हे मी ठळक सांगते, ज्यांना दमा आहे त्यांचा पंप त्यांचा जीव आहे आणि बहुतेकांना दमाच असतो. आधी पंप घ्यायची पद्धत बरोबर आहे का ते कोणाकडून तरी बघून घ्या, निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात. त्यानंतरही फरक नसेल, किंवा शिट्टी एकाच बाजूला असेल, किंवा खोकल्यातून रक्त आलं असेल (दम्याने रक्त पडत नाही), न्यूमोनिया त्याच जागी परत झाला असेल, श्वास घेताना गळ्याशी आवाज येत असेल, तर छातीच्या डॉक्टरांना विचारा, पूर्ण आकृतीसकट पीएफटी करायची का आणि सीटी करायचा का. आवाज नुकता सुरू झालाय, बसल्या जागी येतोय, आडवं झोपता येत नाही, तर फुंकायच्या टेस्टची अपॉइंटमेंट घेत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा जिथे कडक दुर्बीण म्हणजे रिजिड ब्रॉन्कोस्कोपी होते. कारण अशा पेशंटला झोपेचं औषध दिलं आणि नळी बंद झाली तर हाताशी तीच दुर्बीण लागते, तिच्यातून श्वासही देता येतो आणि गाठ कोरून रस्ताही करता येतो. आणि कॅज्युअल्टीत पहिलंच वाक्य हे सांगा की श्वास आत घेताना आवाज येतो, नुसतं "दमा वाढलाय" म्हणालात तर वाफ देऊन घरी पाठवतील.

माझ्याकडे टेस्टला याल तेव्हा साधा निळा पंप सहा तास आधीपासून घेऊ नका (फार त्रास झाला तर घ्या आणि येऊन सांगा), जास्त वेळ काम करणारे मोठे पंप किती आधी थांबवायचे ते लिहून देणाऱ्याला विचारा. पोट भरून जेवून येऊ नका. कवळी घट्ट बसत असेल तर राहू दे. कधी व्हेंटिलेटरवर होतात का, गळ्याचं ऑपरेशन झालंय का ते आठवून या. आणि जुने सगळे एक्स-रे, सीटीच्या सीडी, अगदी दहा वर्षांपूर्वीचे, पिशवीत घालून आणा, फक्त रिपोर्टचे कागद नको, फिल्म आणा. फुंकून झाल्यावर थांबू नका, नळी तोंडातच ठेवून तितक्याच जोरात श्वास आत घ्या, कोणी सांगितलं नाही तरी घ्या, आणि रिपोर्ट हातात पडल्यावर आकृती छापलीय का बघा. नसेल तर काउंटरवर परत मागा, मशिनमध्ये ती सेव्ह असते, पुन्हा प्रिंट निघते.